जुन्या सबमशीन गनच्या लिलावात पहिल्यांदा उतरताना

अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या शस्त्र-लिलावगृहाचा कॅटलॉग चाळला, की नवख्या माणसाला एक कोडं हमखास पडतं. एकाच विक्रीत दोन जर्मन एमपी-40 असतात. या सबमशीन गन, म्हणजे पिस्तुलाची काडतुसं वापरणाऱ्या, हातात धरून चालवायच्या स्वयंचलित बंदुका. दोन्ही 1940 च्या दशकातल्या, दोन्ही चांगल्या अवस्थेतल्या, फोटोत तर जुळ्या बहिणी वाटाव्यात अशा. तरी एकीचा अंदाज दुसरीच्या कित्येक पट असतो. फरक बंदुकीत नसतो, तिच्या नोंदणीच्या कागदात असतो. गावाकडे जमीन घेताना पीक बघण्याआधी आपण सातबारा मागतो, तसंच इथे करायचं. या छंदात पाय ठेवणाऱ्याला मला सर्वांत आधी हेच सांगायचं आहे, कारण एकदा हातोडा पडला की न वाचलेल्या कागदाची किंमत खरेदीदारालाच मोजावी लागते.

हा लेख अमेरिकेतल्या लिलावांविषयी आहे. भारतात स्वयंचलित बंदूक 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार निषिद्ध शस्त्रांत मोडते. 2019 च्या दुरुस्तीनंतर ती विनापरवाना बाळगल्यास 7 ते 14 वर्षांची कैद होऊ शकते. तेव्हा पुण्या-नाशिकच्या वाचकासाठी हा विषय अभ्यासाचा आहे, आणि अभ्यास म्हणूनही तो अतिशय समृद्ध आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसासाठी मात्र तो प्रत्यक्ष खरेदीचा असू शकतो. तो कोणासाठी आणि कोणत्या राज्यात, ते पुढे येईल.

आधी तीन वर्षं पाठ करा: 1934, 1968, 1986

या बाजाराची सगळी गणितं तीन कायद्यांवर उभी आहेत. 1934 च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टने मशीनगनची केंद्रीय नोंदणी सक्तीची केली आणि प्रत्येक हस्तांतरावर 200 डॉलर कर बसवला. तेव्हा अख्खी थॉमसन, म्हणजे अमेरिकेची गाजलेली सबमशीन गन, साधारण तेवढ्याच रकमेला मिळत असे, म्हणजे कर बंदुकीएवढाच होता. तो आकडा पुढे कधी वाढला नाही. 1 जानेवारी 2026 पासून सायलेन्सर आणि आखूड नळीच्या रायफलींवरचा कर शून्य झाला आहे, पण मशीनगनचे 200 डॉलर तसेच आहेत.

1968 च्या गन कंट्रोल ॲक्टने खासगी माणसाला विकण्यासाठी परदेशातून मशीनगन आणणं बंद केलं. त्याच वेळी सरकारने 2 नोव्हेंबर ते 1 डिसेंबर 1968 अशी महिनाभराची माफी दिली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांनी आणलेल्या, माळ्यावर पडून असलेल्या बिननोंदणीच्या बंदुका या काळात 'फॉर्म 4467' भरून कायदेशीर करून घेता आल्या. कॅटलॉगात 'ॲम्नेस्टी रजिस्टर्ड' हे शब्द दिसले, की ती बंदूक या महिन्यात नोंदवलेली आहे असं समजा.

तिसरा घाव 19 मे 1986 चा. त्या दिवशी रोनाल्ड रेगन यांच्या सहीने फायरआर्म ओनर्स प्रोटेक्शन ॲक्ट लागू झाला आणि त्यातल्या ह्यूज दुरुस्तीने खासगी मालकीसाठी नव्या मशीनगनची नोंदणी कायमची थांबवली. त्याआधी नोंदलेल्या आणि खासगी हातांत जाऊ शकणाऱ्या मशीनगन देशभरात सुमारे 1 लाख 75 हजार आहेत. त्यात सबमशीन गन आल्या, रायफली आल्या, पट्ट्यावर चालणाऱ्या जड मशीनगनही आल्या. यात नवी भर पडत नाही. आगीत जळालेली किंवा सरकारजमा झालेली प्रत्येक बंदूक या संख्येतून कायमची वजा होते. भाव सतत का चढतात, याचं उत्तर एवढंच आहे.

आपण खरेदीदार होऊ शकतो का, ते तपासा

एच-1बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर थांबा. काही मोजके अपवाद सोडले, तर अमेरिकेचा केंद्रीय कायदा अशा माणसाला कोणतीही बंदूक किंवा काडतूस बाळगू देत नाही. रेंजवर भाड्याने घेऊन चालवणंही 'बाळगणं'च धरलं जातं. शिकारीचा परवाना हा अपवाद सगळ्यांच्या तोंडी असतो, पण त्याच्या भरवशावर मशीनगनचा विचार करणं म्हणजे स्वतःचं इमिग्रेशन पणाला लावणं आहे. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व हाती आल्यावर वकिलाशी बोला, मग पुढचं पाऊल टाका.

दुसरी चाळणी राज्याची. आपली मराठी वस्ती दाट आहे ती न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात, आणि नेमक्या या दोन राज्यांत सामान्य संग्राहकाला मशीनगन घेणं जवळपास अशक्य आहे. न्यूयॉर्क, इलिनॉय, हवाई आणि वॉशिंग्टन राज्यातही तीच गत. टेक्सस, पेनसिल्व्हेनिया, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना या राज्यांत दार उघडं आहे. न्यू जर्सीतल्या माणसाला डेलावेअर नदीपलीकडच्या पेनसिल्व्हेनियात जाऊन लिलाव बघता येईल, घरी मात्र काही आणता येणार नाही.

ज्यांना विकत घेता येत नाही त्यांनी हिरमुसू नये. मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड आर्मरीचं संग्रहालय, व्हर्जिनियात फेअरफॅक्सचं नॅशनल फायरआर्म्स म्युझियम आणि वायोमिंगमधलं कोडी फायरआर्म्स म्युझियम इथे हे सारं काचेमागे का होईना, जवळून बघता येतं. शिवाय जुनी मॅन्युअल्स, कंपन्यांच्या जाहिराती, कॅनव्हासच्या मॅगझिन-पिशव्या, चामडी पट्टे हेही याच लिलावांत येतात. त्यांना नोंदणी लागत नाही. अभ्यासाची सुरुवात म्हणून त्या वस्तू मला मनापासून आवडतात.

कॅटलॉगमधली ती एक ओळ वाचायला शिका

प्रत्येक लॉटच्या, म्हणजे विक्रीला ठेवलेल्या वस्तूच्या, वर्णनात कुठेतरी एक छोटी कायदेशीर ओळ असते. बाकी मजकूर राहू द्या, आधी ती शोधा. तिथे तीनपैकी एक प्रकार असतो.

'ट्रान्सफरेबल' म्हणजे पात्र खासगी व्यक्तीला घेता येईल अशी बंदूक. खरी किंमत हिलाच.

'प्री-86 डीलर सॅम्पल' म्हणजे 1968 नंतर आयात झालेली, पण मे 1986 च्या आधी नोंदलेली. ही फक्त मशीनगनचा विशेष कर भरणाऱ्या परवानाधारक डीलरला घेता येते. त्याने पुढे धंदा बंद केला तरी ती त्याच्याकडे राहू शकते.

'पोस्ट-86 डीलर सॅम्पल' ही सर्वांत स्वस्त. तिच्यासाठी डीलरला पोलीस खात्याचं प्रात्यक्षिकाची मागणी करणारं पत्र लागतं आणि धंदा सोडताना तिच्यावरही पाणी सोडावं लागतं.

सुरुवातीच्या कोड्यातली स्वस्त एमपी-40 ही बहुधा दुसऱ्या प्रकारातली असते. ऑनलाइन बोली लावताना स्वस्त आकडा बघून बटण दाबणारा खासगी माणूस इथेच अडकतो. बोली मागे घेता येत नाही, आणि बंदूकही ताब्यात घेता येत नाही.

चौथा शब्द आहे 'सी अँड आर', म्हणजे कुतूहल आणि प्राचीन अवशेष या वर्गातली वस्तू. 50 वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली बंदूक या वर्गात बसते. संग्राहकाचा खास परवाना तीन वर्षांसाठी 30 डॉलरला मिळतो. तो असेल, तर सी अँड आर मशीनगन दुसऱ्या राज्यातून थेट आपल्या नावावर करून घेता येते, मध्ये आपल्या राज्यातला डीलर लागत नाही. वेळ वाचतो, डीलरची फी वाचते. माझं स्पष्ट मत आहे की जुन्या सबमशीन गनकडे वळणाऱ्याने पहिली बोली लावण्याआधी हा परवाना काढावा.

मूळ की 'ट्यूब गन'?

ही पायरी सर्वांत अवघड, आणि खरं ज्ञान इथेच लागतं. रिसीव्हर म्हणजे बंदुकीचा मुख्य सांगाडा, कायद्याच्या नजरेत तोच बंदूक. ब्रिटिश स्टेन किंवा एमपी-40 यांचा रिसीव्हर म्हणजे मुळात एक पोलादी नळकांडं. 1986 च्या आधी काही परवानाधारक उत्पादकांनी युद्धातल्या बंदुकांचे सुटे भाग घेतले, नव्या नळकांड्यावर स्वतःचं नाव-नंबर टाकून नोंदणी केली आणि त्या भागांची बंदूक उभी केली. यांना ट्यूब गन म्हणतात. त्या पूर्ण कायदेशीर असतात, रेंजवर उत्तम चालतात, पण सी अँड आर वर्गात बसत नाहीत. संग्राहकाच्या नजरेत त्यांचं मोल मूळ बंदुकीहून बरंच कमी असतं. नोंदणीच्या कागदावर उत्पादक म्हणून जर्मन किंवा ब्रिटिश कारखान्याऐवजी अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या कार्यशाळेचं नाव दिसलं, की समजून घ्या.

मूळ एमपी-40 वर कारखान्याचा सांकेतिक शिक्का असतो: एर्माचा 'एवायएफ', श्टायरचा 'बीएनझेड', हेनेलचा 'एफएक्सओ'. सोबत साल, आणि लष्करी तपासनिसाचे गरुडाचे बारीक ठसे. रिसीव्हर, नळी, बोल्ट यांवरचे नंबर जुळत असतील तर भाव चढतो.

आणखी एक शब्द भेटेल, 'ड्यूवॅट'. युद्धस्मृती म्हणून ठेवलेल्या आणि नळी बुजवून निकामी केलेल्या बंदुका. 1968 च्या कायद्याने त्याही मशीनगनच ठरल्या, म्हणून नोंदणी असेल तरच त्या विकता येतात. नोंदलेली ड्यूवॅट निकामी अवस्थेत 'फॉर्म 5' वर करमुक्त हस्तांतरित होते. कधीकाळी ड्यूवॅट असलेली आणि पुढे रीतसर चालू केलेली बंदूक असेल, तर वेल्डिंगच्या खुणांबद्दल लिलावगृहाला थेट विचारा.

थॉमसन: नवख्याचं पहिलं प्रेम

मराठी वाचकाला या बंदुकीशी नातं शोधायला लांब जावं लागत नाही. 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे एकटे शत्रूच्या मशीनगनवर धावून गेले. त्यांच्या हातात टॉमी गन, म्हणजे थॉमसनच होती. मॅगझिन बदलायला वेळ उरला नाही, तेव्हा त्यांनी तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांशी झुंज घेतली. माणगाव तालुक्यातल्या या वीराला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्या वर्षी, 9 एप्रिल 1945 रोजी, सेनिओ नदीवर नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनीही टॉमी गननेच एक मशीनगन ठाणं गप्प केलं. हाताला गोळी लागल्यावर ती टाकून ते हातबॉम्ब घेऊन लढले. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्या थॉमसन अशा परदेशी सैन्यांकडे गेल्या, त्या 1968 नंतर अमेरिकेत परत आल्या तरी खासगी संग्राहकाला मिळू शकत नाहीत. लिलावात दिसणाऱ्या ट्रान्सफरेबल थॉमसन बहुतेक अमेरिकेतच राहिलेल्या, पोलीस ठाण्यांच्या किंवा तुरुंगांच्या शस्त्रागारांतून आलेल्या असतात.

जॉन थॉमसन यांच्या ऑटो-ऑर्डनन्स कंपनीसाठी हार्टफर्डच्या कोल्ट कारखान्याने 1921 आणि 1922 मध्ये 15,000 बंदुका बनवल्या. सिरियल नंबर 41 पासून सुरू होतात. त्यांचा निळसर काळा पॉलिश, अक्रोडाचा दस्ता, नळीवरच्या थंडाव्याच्या खाचा यांत जे कारागिरीचं सौंदर्य आहे, ते युद्धकाळात परत आलं नाही. संग्राहकांची शिखरावरची थॉमसन हीच. पुढे गोळ्या झाडण्याचा वेग कमी करून नौदलासाठी तयार केलेल्या बंदुकांवर 1921 मधल्या शेवटच्या 1 वर 8 ठोकून 1928 केलेलं दिसतं. ती खाडाखोड खरी आहे, बनावट समजून घाबरू नका. उलट ती खूण कोल्टच्या मूळ बंदुकीची आहे.

1940 पासून न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाच्या सॅव्हेज कारखान्याने आणि नंतर ब्रिजपोर्टच्या ऑटो-ऑर्डनन्सने युद्धाची मागणी पुरवली. 1942 मध्ये सोपी केलेली एम1 आली आणि पाठोपाठ एम1ए1. तिच्यात उभी पुढची मूठ नाही, गोल ड्रम मॅगझिन बसत नाही, नळीवर खाचा नाहीत. सर्वांत शेवटी 1970 आणि 80 च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या वेस्ट हर्ली इथे बनलेल्या थॉमसन येतात. त्या बाजारात सर्वांत खालच्या पायरीवर आहेत, आणि घेतल्यावर कुशल गनस्मिथकडून नीट बसवून घ्याव्या लागतात असं संग्राहकांत सर्रास बोललं जातं. 'थॉमसन' एवढंच वाचून बोली लावू नका. कोणत्या कारखान्याची, हे आधी वाचा.

कोल्टच्या बंदुकीत तीन गोष्टी माझ्या मते निर्णायक आहेत. मूळ पॉलिश टिकलं आहे की पुन्हा चढवलं आहे, कारण पुन्हा चढवलेला रंग कितीही देखणा असला तरी मोल उतरवतो. रिसीव्हर आणि खालची फ्रेम यांवरचे नंबर जुळतात का. आणि तिचा इतिहास कागदावर आहे का. शिकागोच्या टोळीयुद्धातल्या 1929 च्या सेंट व्हॅलेंटाइन्स डे हत्याकांडातल्या दोन थॉमसन मिशिगनमधल्या बेरियन काउंटीच्या शेरिफकडे आजही आहेत. त्यांची ओळख गोळ्यांच्या शास्त्रीय तपासणीतून पटलेली आहे. 2012 मध्ये बॉनी आणि क्लाइड या 1930 च्या दशकातल्या दरोडेखोर जोडीच्या जॉपलिनमधल्या अड्ड्यावरून जप्त झालेली म्हणून आलेली थॉमसन कॅन्सस सिटीच्या लिलावात 1 लाख 30 हजार डॉलरला गेली. कथेला किंमत येते ती अशा पुराव्यामुळे. 'एका जुन्या गुंडाची असल्याचं सांगितलं जातं' या वाक्यासाठी एक डॉलरही जास्त मोजू नका.

थोडी वाकडी वाट

खिसा थॉमसनएवढा खोल नसेल, तर वूस्टरच्या हॅरिंग्टन अँड रिचर्डसनने बनवलेली रायझिंग मॉडेल 50 बघा. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या ग्वादालकनाल बेटाच्या दमट जंगलात ती मरीन सैनिकांच्या टीकेची धनी झाली आणि ते नाव तिला कायमचं चिकटलं. पण पोलीस ठाण्यांत कोरड्या कपाटात राहिलेल्या रायझिंग पुष्कळदा सुंदर अवस्थेत मिळतात, मूळ कारखान्याच्याच असतात आणि सी अँड आर वर्गात बसतात. पहिल्या खरेदीसाठी मी हीच सुचवतो. स्टेन स्वस्त पडते, पण ती बहुतेकदा ट्यूब गन असते. जनरल मोटर्सच्या गाइड लॅम्प विभागात, इंडियानातल्या अँडरसन इथे बनलेली एम3 'ग्रीस गन', फिनलंडची सुओमी, इटलीची बेरेटा 38, रशियाची पीपीएसएच-41 या ट्रान्सफरेबल स्वरूपात क्वचित दिसतात. दिसल्या की जाणकार आधीच रांगेत असतात.

लिलावाच्या आधी आणि लिलावात

पेनसिल्व्हेनियातल्या डेन्व्हर गावचं मॉर्फी, इलिनॉयमध्ये सुरू होऊन टेक्ससमध्येही पसरलेलं रॉक आयलंड आणि मेन राज्यातल्या फेअरफील्डचं पूलिन ही या क्षेत्रातली ठळक नावं. त्यांच्या वेबसाइटवर जुन्या विक्रींचे निकाल बघता येतात. आपल्याला हवं ते मॉडेल किती वेळा आलं, कोणत्या अवस्थेत, किती डॉलरांचा फरक पडला, याची वहीत नोंद करा. एक-दोन हंगाम फक्त बघण्यात घालवले तरी ते वाया जात नाहीत.

प्रत्यक्ष पाहणीचा दिवस चुकवू नका. जाणं शक्य नसेल, तर अवस्थेचा लेखी अहवाल आणि ज्यादा फोटो मागवा: रिसीव्हरच्या दोन्ही बाजू, सर्व शिक्के, नळीचं आतलं अंग, दस्त्याखालचा भाग. नोंदणी-फॉर्मवरचा नंबर, मॉडेल आणि कॅलिबर प्रत्यक्ष बंदुकीशी तंतोतंत जुळतात का, हा प्रश्न फोनवर न विचारता ईमेलवर विचारा. उत्तर लेखी राहतं. माल 'आहे तसा' विकला जातो, परताव्याची मुदत थोडी असते, त्यामुळे अटींचं पान शेवटपर्यंत वाचा.

बोलीची कमाल मर्यादा ठरवताना हातोड्याची रक्कम धरू नका, घरपोच रक्कम धरा. समजा हातोडा 25,000 डॉलरला पडला आणि लिलावगृहाचा प्रीमियम, म्हणजे खरेदीदाराकडून वर घेतलं जाणारं शुल्क, 20 टक्के आहे. झाले 30,000. त्यावर राज्याचा विक्रीकर 6 टक्के असेल तर आणखी 1,800. हस्तांतर कर 200. त्यावर विमा, वाहतूक आणि डीलरची फी. कार्डाने पैसे भरल्यास प्रीमियम बहुधा चढा लागतो, म्हणून चेक किंवा वायरची सोय आधीच करा. हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवा आणि बोली तिथे पोचली की थांबा. लिलावाच्या भरात पुढची एकच बोली फार लहान वाटते. आपल्याला स्वतःवर भरवसा नसेल, तर लेखी गैरहजर बोली, म्हणजे कमाल रक्कम आधीच लिहून, देऊन मोकळं व्हा.

हातोडा पडल्यावर

पैसे लगेच भरायचे असतात, बंदूक लगेच मिळत नाही. विक्रेता दुसऱ्या राज्यात असेल आणि सी अँड आरची वाट उपलब्ध नसेल, तर ती आधी 'फॉर्म 3' वर आपल्या राज्यातल्या विशेष करदात्या डीलरकडे येते. तिथून आपल्या नावावर होण्यासाठी 'फॉर्म 4': बोटांचे ठसे, फोटो, 200 डॉलर, आणि स्थानिक पोलीसप्रमुखांना एक प्रत. 2016 पासून त्यांची परवानगी लागत नाही, फक्त कळवावं लागतं. ट्रस्टच्या नावाने घेत असाल, तर ट्रस्टमधल्या प्रत्येक जबाबदार व्यक्तीचे ठसे आणि फोटो लागतात. मंजुरीला कधी काही दिवस, कधी कित्येक महिने जातात. तोवर ती डीलरच्या तिजोरीतच राहते.

मंजूर फॉर्मची मूळ प्रत बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक प्रत बंदुकीसोबत ठेवा. राज्याबाहेर न्यायची असेल, तर आधी 'फॉर्म 5320.20' वर परवानगी घ्या. कोणीही 'स्वस्तात' सुटे भाग जोडून किंवा कापलेला रिसीव्हर वेल्ड करून देतो म्हणाला, तर तिथून निघा. बिननोंदणीची मशीनगन म्हणजे 10 वर्षांपर्यंतची कैद आहे. सासऱ्यांच्या माळ्यावर युद्धातली बंदूक सापडली आणि तिचा कागद मिळाला नाही, तरी हेच लागू. आज ती खासगी नावावर नोंदवता येत नाही. हलवू नका, वकिलाला फोन करा. मूळची खरी असेल तर संग्रहालयाला देण्याचा मार्ग वकीलच सांगू शकेल.

आणि घरच्यांना सांगून ठेवा. मालकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारसाला ही बंदूक 'फॉर्म 5' वर करमुक्त मिळते, पण त्यासाठी ती आहे, कुठे आहे आणि तिचा कागद कुठे आहे, हे त्याला माहीत असावं लागतं. मृत्युपत्रात सिरियल नंबरासह नोंद करा. वारस न्यू जर्सीत राहत असेल, तर त्याला ती घेता येणार नाही. त्या वेळी ती पुन्हा कोणत्या लिलावगृहाकडे द्यायची, तेही त्याच मृत्युपत्रात लिहून ठेवा.